नवऱ्याचं नाव

तालुक्याच्या दवाखान्यात गुळवणी साहेबांच्या सहीशिवाय प्रेतसुद्धा दाराबाहेर जात नसे. त्या दुपारी त्यांच्यापुढे मेंढपाळाची बायको हौसाबाई उभी होती. तिचा नवरा सकाळी वारला होता आणि गावाकडची माणसं मातीसाठी खोळंबली होती.

"मयताचं नाव सांग," नोंदवहीतल्या नावावर बोट ठेवून साहेब म्हणाले.

हौसाबाईने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात उच्चारलं नव्हतं.

"नाव माहीत नाही, मग तू बायको कशावरून? नावाशिवाय प्रेत मिळणार नाही."

वसईच्या फिलोमिना सिस्टर पुढे आल्या. दुखणं वाढलं की म्हातारा बायकोच्या हातावरून बोट फिरवायचा, हे त्यांनी आठवडाभर पाहिलं होतं. त्यांनी तिचा हात अलगद उलटा करून टेबलावर ठेवला.

"साहेब, तिने लग्नातच सांगून ठेवलंय. तुम्ही फक्त वाचा."

हिरवं गोंदण सुरकुत्यांत पसरलं होतं. साहेबांनी चष्मा लावला. "बिरू," त्यांनी हळू आवाजात वाचलं आणि सही केली.

हौसाबाईने हात पदराखाली घेतला.

"कुंकू पुसतील, बांगड्या फोडतील," ती सिस्टरना म्हणाली. "एवढं तेवढं ऱ्हाईल, बाई."