वेशीवरचा फ्लेक्स

आमदार नानासाहेब तोडणकर ऑकलंडच्या मराठी मंडळात शाल-श्रीफळ घेऊन, लांबलचक भाषण ठोकून खाली बसले, तोच मागच्या रांगेतून केतकी मयेकर उठली. तिचा जन्म ऑकलंडचाच, पण प्रत्येक मोठी सुट्टी कोकणात, साहेबांच्याच गावी, आडशेतला आत्याकडे. खाडीतल्या वाळूउपशामुळे आडशेतच्या विहिरी यंदा खारट झाल्या होत्या.

"साहेब, आपल्या खाडीतला वाळूउपसा कधी थांबवणार? माझी आत्या शेजारच्या गावाहून पाणी आणते."

आमदार गालात हसले. "अगं पोरी, तू इथली. आमच्या गावाची उठाठेव तुला कशाला?"

पुढच्या रांगेतले काकालोक खो-खो हसले. केतकीचे कान तापले. तिने मोबाइलवरचा एक फोटो उंच धरला.

"मी इथं पोहण्याची शर्यत जिंकले, तेव्हा वेशीवर हा फ्लेक्स तुम्हीच लावलात ना? 'आडशेतच्या सुकन्येचे अभिनंदन!' माझा फोटो बशीएवढा, तुमचा दाराएवढा. मी गावची असेन तर उत्तर द्या. नसेन तर उद्याच फ्लेक्स उतरवा."

आता हसण्याची पाळी मागच्या रांगांची होती. निवडणूक जवळ आलेली. स्वतःचा एवढा मोठा फोटो उतरवायचा म्हणजे साहेबांच्या जिवावर आलं. घाम पुसत ते आपल्या सचिवावर खेकसले, "बघतोस काय? आपल्या गावची पोरगी विचारतेय! लाव तहसीलदाराला फोन, उपसा बंद करायला सांग!"