अनोळखी हाती पाठवलेला निरोप

एकदा एका वृद्ध पखवाजवादकांच्या घरी त्यांचा नवा शिष्य संगणकापुढे कपाळाला हात लावून बसला होता. गुरुजींच्या दिवंगत गुरूंची शिकवणी एका संस्थेने ध्वनिमुद्रित करून आपल्या संकेतस्थळावर कुलूपबंद ठेवली होती. गुरुजींना त्यासाठी नाव आणि पासवर्ड दिलेला होता. पण आज संध्याकाळी ते संकेतस्थळ कायमचे बंद व्हायचे होते. त्यानंतर तो आवाज कुठेच उरणार नव्हता.

फायली ढीगभर. एकेक उतरवत बसायला सवड नव्हती. म्हणून शिष्याने सकाळी पासवर्ड टाकून संकेतस्थळ उघडले, फायलींचे पत्ते गोळा केले आणि फायली आपोआप उतरवून घेणाऱ्या एका प्रोग्रामच्या, म्हणजे डाउनलोडरच्या, स्वाधीन केले. बघता बघता 'काम पूर्ण' असा संदेश आला. शिष्य हरखला. मात्र एकही फाईल वाजेना. त्याने सगळे पुसून पुन्हा उतरवले. पुन्हा तेच. मग हा मनुष्य संतापला, आणि संतापलेला मनुष्य करतो तेच त्याने केले. तीच कळ अधिक जोराने दाबू लागला.

"खोटारडं आहे हे, गुरुजी! काम पूर्ण म्हणतं आणि कचरा आणून टाकतं. जी फाईल उघडावी तिच्यात तेच! म्हणे, आपले नाव आणि पासवर्ड सांगा. अरे, सकाळीच सांगितला ना!"

गुरुजींना संगणकातले ओ की ठो कळत नव्हते. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या कारागिराकडे माझा पखवाज चामड्याची पुडी बदलायला दिलाय. तेवढा घेऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता."

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळ डोक्यावर आलेली, आणि यांना पखवाज सुचतोय! पण गुरूची आज्ञा मोडवेना. तो तणतणत गेला.

कारागिराने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "तुम्ही कोण? बुवांचं वाद्य मी कुणाच्याही हाती देत नसतो."

"अहो, मी त्यांच्याच घरून आलोय!"

"असाल. बुवा स्वतः आले तर दुकान त्यांचंच आहे. पण तुम्ही म्हणजे बुवा नव्हे. त्यांची चिठ्ठी आणा."

शिष्य पाय आपटत परतला. "नाही दिला! तुम्ही त्याला काही कळवलंच नव्हतंत. चिठ्ठी आणा म्हणाला."

"म्हणजे पखवाज आणायला गेलास आणि 'चिठ्ठी आणा' एवढं घेऊन आलास," गुरुजी म्हणाले. "आता मी तुला खोटारडा म्हणू का? अरे, दाराने जे दिलं तेच तू आणलंस. दार मला ओळखतं, म्हणून माझ्या माणसालाही ओळखेल, असं नसतं. ज्याला पाठवायचं, त्याच्याजवळ आपली ओळख द्यावी. तीही त्या एका दारापुरती. तेवढा विश्वास नसेल तर पाठवू नये. पण रिकाम्या हाताने पाठवून वर शिव्या घालणं, हा कुठला न्याय?"

शिष्य संगणकाकडे वळला. सकाळी दार उघडले होते ते त्याच्यासाठी. डाउनलोडर तिथे परकाच होता. त्याने डाउनलोडरच्या सेटिंगमध्ये त्या संकेतस्थळापुरते नाव आणि पासवर्ड भरले आणि कळ दाबली, या वेळी हळूच. काम पूर्ण व्हायला आता बराच वेळ लागू लागला. उन्हे कलली तेव्हा शेवटची फाईल उतरली.

त्याने पहिलीच लावली. पखवाजाचे चार बोल वाजले आणि एक करडा आवाज खोलीभर घुमला, "अरे, किती बडवशील त्याला? चूक तुझी आहे, वाद्याची नव्हे!"

म्हातारे गुरुजी ताडकन सावरून बसले. त्यांचे हात आपोआप जुळले.

"चुकलो, गुरुजी," ते पुटपुटले.

शिष्य खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या मागे जमिनीवर मांडी घालून बसला.