समोरच्या घरातली रिकामी खोली

पुष्कळ पिढ्यांपूर्वी एका राज्यात घडलेली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच, पण ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी आहे अशा मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या राज्याच्या राजधानीत राजाने एक मोठं रुग्णालय बांधलं होतं. तिथले वैद्य नामांकित होते आणि औषधाचा मोबदला घेत नसत. दूरदूरच्या गावांहून आजारी माणसं येत. पण त्यांच्याबरोबर येणाऱ्याने राहायचं कुठे, हा विचार राजाने केला नव्हता. दिवेलागण झाली की नातेवाइकांना बाहेर काढून फाटक लावलं जाई.

डोंगराकडच्या एका खेड्यातून एक बुरूड आपल्या आजारी बायकोला घेऊन तिथे आला. तिची छाती कफाने भरली होती, दोन पावलं टाकली तरी दम लागे. वैद्यांनी तिला ठेवून घेतलं आणि उपचार बरेच दिवस चालतील असं सांगितलं. गाव सोडून ती कधी कुठे राहिली नव्हती. ती नवऱ्याला म्हणाली, "इथं माझ्या ओळखीचं कुणी नाही. तुम्ही जवळच राहा." त्याने मान हलवली.

तो जागा शोधायला निघाला. धर्मशाळा गच्च भरली होती. आसपासचे लोक गोठ्याच्या कोपऱ्यालाही असं भाडं सांगत होते की ऐकूनच तो पुढे चालू लागे.

रुग्णालयाच्या अगदी समोर एका कापडवाल्याचं दुमजली घर होतं. रस्त्याकडची खालची खोली रिकामी पडून होती. बुरडाने हात जोडून विचारलं. भाड्याऐवजी घरातलं पडेल ते काम करीन, असंही सांगितलं.

कापडवाला दुष्ट नव्हता. सणासुदीला तो दारात अन्न वाटत असे. पण तो म्हणाला, "बाबा, तुला ठेवलं तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू? आणि रोग्यापाशी बसून आलेलं माणूस घरात नको. माझी नातवंडं लहान आहेत." मग त्याने बुरडाच्या उपरण्यात तांदूळ बांधून दिले आणि त्याला वाटेला लावलं. आपल्या हातून पुण्य घडलं असं वाटून त्या दिवशी तो समाधानाने जेवला.

बुरडाला शेवटी जागा मिळाली ती नदीपलीकडे, एका वीटभट्टीच्या छपराखाली. भट्टीवाल्याला टोपल्या विणून द्यायच्या आणि तिथे झोपायचं, असं ठरलं. सकाळी नावेने यायचं, संध्याकाळी नावेने परतायचं. बायकोने विचारलं तेव्हा तिच्या जिवाला घोर लागू नये म्हणून त्याने खिडकीतून कापडवाल्याचं घर दाखवलं आणि म्हणाला, "तिथंच आहे मी. खालच्या खोलीत." ती हसली. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

काही दिवस बरे गेले. मग डोंगरात पाऊस कोसळला आणि नदीला पूर आला. नाव बंद झाली. बुरूड पलीकडच्या काठावर भिजत उभा राहिला, नावाड्याच्या पाया पडला, पण त्या पाण्यात नाव घालायला कुणी धजेना.

इकडे त्याच्या बायकोचं दुखणं उलटलं. ती खिडकीला टेकून समोरच्या घराकडे बघत राहिली. कापडवाल्याच्या ते ध्यानात आलं. मरणाला टेकलेली बाई आपल्या घराकडे टक लावून बघते, हे त्याला अशुभ वाटलं. त्याने खालच्या खोलीची खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

पूर ओसरल्यावर बुरूड धावत आला तेव्हा खाट रिकामी होती. तिची सेवा करणारी म्हातारी त्याला म्हणाली, "शेवटपर्यंत त्या घराकडे बघत होती. म्हणायची, माझा माणूस तिथंच आहे, थकून झोपला असेल. मग ती खिडकी बंद झाली. त्यानंतर ती काही बोलली नाही."

बायकोला अग्नी देऊन बुरूड कापडवाल्याच्या दारात गेला. तो भांडला नाही. ती खोली एकदा बघू द्या, एवढंच त्याने मागितलं. आत जाऊन त्याने खिडकी उघडली. समोर तिची खाट दिसत होती. "मी इथं राहतो असं तिला सांगितलं होतं," तो म्हणाला, आणि गावाच्या वाटेला लागला.

कापडवाल्याला सगळं उमगलं. दुसऱ्याच दिवसापासून त्याने ती खोली रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खुली केली, नंतर वरचा मजलाही दिला. बुरडाला आणायला त्याने माणूस पाठवला, पण बुरूड त्या शहरात पुन्हा आला नाही. त्या घरात राहून गेलेल्या कितीतरी जणांनी कापडवाल्याला दुवा दिला. तो मान खाली घालून ऐकून घेई. आजारी माणसं आणि त्यांची माणसं खिडकीतून एकमेकांना हात करू लागली की तो तिथून उठून जाई.

तात्पर्य: आपल्याला सहज देता येणारा आसरा वेळेवर दिला नाही, तर पुढे सारं घर देऊनही ती चूक भरून निघत नाही.