उसाचं पेट्रोल आणि आमचे हे

मी सांगितलं ते कुणालाच पटलं नाही. पंपावर सांगितलं, चावडीवर सांगितलं, खडकेवाडीच्या लग्नघरात भरल्या मांडवात सांगितलं, की गाडी पेट्रोलनं बंद पडली, आमच्या ह्यांनी नाही. लोक हसले. चौथी शिकलेली बाई, हिला पेट्रोलातलं काय कळतंय? बरं, नाही कळत. पण ज्यांना कळतं त्यांनी काय दिवे लावले ते आता ऐका.

एका गावात एक भोळा नवरा होता. तो माझ्या वाट्याला आला. म्हणून इथून पुढं त्याला अहो-जाहो करते.

भोळा म्हणजे किती, तर लग्नात करवल्या अडून बसल्या, उखाण्यात बायकोचं नाव घ्या. ह्यांनी चार ओळी धडाधडा म्हटल्या आणि नावाच्या जागी "ही" म्हणून बोट दाखवलं. तेव्हापासून मी 'अगं' आहे. माझं नाव ह्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं.

आम्ही कासार. बांगड्यांची पेटी घेऊन मी वाड्यावस्त्या फिरते. हे मोटारसायकल चालवतात, मी मागं पेटी मांडीवर घेऊन बसते. गाडी बचत गटातून घेतलेली, म्हणून माझ्या नावावर. जुनी आहे, पण पेटीतल्या काचेला धक्का लागू देत नाही. सगळ्यात मोठी वाडी खडकेवाडी. तिथल्या नवरीला हिरवा चुडा आमच्याच घरानं भरायचा, हा सासूबाईंपासूनचा मान. तालुक्याच्या दुकानवाल्याचा त्या वाडीवर कधीचा डोळा आहे. आम्ही एकदा चुकलो, की वाडी त्याची.

तर सरकारनं ठरवलं, पेट्रोलात उसाचं इथेनॉल मिसळायचं. शंभरात वीस. चांगलंच आहे. उसाचं भलं, कारखान्याचं भलं, देशाचं भलं. गाडीवाल्याचं काय ते पाटीवर लिहायला जागा उरली नसेल.

पंपावरच्या पोरानं ह्यांना समजावलं, "दाजी, आता पेट्रोल उसापासून होतंय. निर्धास्त भरा."

ह्यांनी मान डोलावली. ह्यांनी मान डोलावली की पुढं काहीतरी घडतंच.

मी दोन दिवस बहिणीकडं गेले होते. परत आले तर कणीक मळायला परात सापडेना. अंगणात पाहिलं. गाडीचं पुढचं चाक माझ्या परातीत, मागचं घमेल्यात, स्टँडचे पाय वाट्यांत. सगळ्यांत काठोकाठ पाणी.

"अहो, हे काय?"

"मुंग्या," हे म्हणाले. "गुळाच्या फडताळाखाली तू ठेवतेस ना पाणी? पेट्रोल उसाचं आहे."

दोन दिवसांत चाकांच्या कडा गंजल्या. गाडी नौशाद मिस्त्रीकडं नेली. नौशाद आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "दाजी, पाणी हा ह्या पेट्रोलाचा वैरी. टाकीत शिरलं की तळाला बसतं आणि गाडी मरते. पाणी दिसलं की आधी लांब फेका."

ह्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी खडकेवाडीत दमयंतीकाकूंकडं बांगड्या भरायला बसले. काकू म्हणजे वाडीतलं मोठं घर. त्यांची लेक ज्योत्स्ना, तिचं लग्न ठरलेलं. काकूंचा हात जाड. जाड हाताला साबणाचं पाणी लागतं, नाहीतर बांगडी मनगटावर चढत नाही. मी वाटीत साबण कालवला आणि पेटीकडं वळले. तेवढ्यात हे ओट्यावर आले, वाटी उचलली आणि पाणी पार उकिरड्यावर फेकून आले.

मी वाटीत बोटं घातली तर वाटी कोरडी. बांगडी मुठीत अडकलेली. ओढली तर वाढल्या एकदम पाच. कासारणीनं 'फुटल्या' म्हणू नये म्हणून 'वाढल्या' म्हणते, पण आवाज फुटल्याचाच आला.

"मिस्त्री म्हणाला पाणी वैरी आहे," हे म्हणाले.

काकूंनी हाताचं रक्त पुसलं. मग मला म्हणाल्या, "कासारीणबाई, ज्योत्स्नाचा चुडा हळदीच्या सकाळी दहाला भरायचा. तुझ्या सासूकडं बघून तुला सांगतेय. उशीर झाला तर दुकानवाला बोलावीन."

मी नौशादला जाऊन सांगितलं, बाबा, चुड्याच्या दिवसापर्यंत गाडी ठणठणीत पाहिजे. नौशाद म्हणाला, टाकी भरलेली ठेवा. टाकीत मोकळी जागा राहिली की हवा राहते, हवेबरोबर ओल येते. "दाजी, आत हवा राहू द्यायची नाही."

ह्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी मी विचारलं, टाकी भरली का? भरली म्हणाले. सकाळी पेटी घेऊन बसायला गेले तर दोन्ही चाकं जमिनीला चिकटलेली.

"टाकीत हवा नव्हतीच," हे म्हणाले. "मग शोधली. सगळी चाकात दडून बसली होती."

त्या दिवशी पेटी डोक्यावर. गाडी ह्यांच्या हातात. पंक्चरवाल्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. न बोललेलं सगळं रात्री जेवताना बोलले.

नौशादनं तिसरा धडा दिला. म्हणाला, हे पेट्रोल जुन्या गाडीतलं रबर खातं. गाडीचा पाइप, वायसर मी नवीन घालतो. त्यानं घातलेही, माझ्या डोळ्यांदेखत. पण जाताजाता ह्यांना म्हणाला, "जुनं रबर ठेवूच नका, दाजी."

मी म्हटलं, नौशादभाऊ, ह्यांना असं मोघम नका सांगू. पण मान डोलावून झाली होती.

मी कुकर लावला तर शिट्टी होईना, वाफ चारी बाजूंनी. झाकण काढलं, रिंग नाही. माझ्या चपलांचे अंगठे नाहीत. खलबत्त्याखालची चकती नाही. पाठोपाठ हे मोरीतून आले, दोन्ही हातांनी पायजमा धरून. चड्डीचंसुद्धा इलॅस्टिक उपसून काढलं होतं.

"जुनंच होतं," म्हणाले.

मग एकदा नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली. विचारलं, "गाडी कोणाची?" साधा प्रश्न. ह्यांनी ऊस, मुंग्या, परात इथून सुरुवात केली. चड्डीपर्यंत आले तेव्हा मागं सहा गाड्या खोळंबल्या होत्या. हवालदार घामाघूम.

"अहो, कोणाच्या नावावर आहे तेवढं सांगा."

"ही," म्हणून ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"ही म्हणजे कोण? नाव नाही का बाईला?" हवालदार कावला. "हे बघा दाजी, सरकारी माणसानं काहीही विचारलं तर गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचं पूर्ण नाव सांगायचं. मोठ्यानं. बाकी बडबड नाही. काय?"

ह्यांनी मान डोलावली. मला तेव्हा वाटलं, चला, एक तरी सरळ गोष्ट शिकले.

हळदीचा दिवस आला. आदल्या दिवसापासून मी ह्यांच्यावर डोळा ठेवला होता. पाणी लांब, चाकात हवा, कुकरला नवी रिंग. सकाळी पंपावर टाकी भरली. पाटीवर लिहिलं होतं, हे पेट्रोल सर्व गाड्यांना सुरक्षित. ह्यांनी ते वाचलं आणि त्यावर काहीसुद्धा केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसानं काही केलं नाही, आणि त्याच दिवशी खडकेवाडीच्या चढावर गाडी दोनदा खोकली आणि मेली.

मी पेटी डोक्यावर घेऊन चढ चढले. पोचले तेव्हा ज्योत्स्नाच्या दोन्ही हातांत चुडा भरलेला. दुकानवाला चहा पीत बसला होता.

मी सांगितलं, पेट्रोलनं दगा दिला. मांडव हसला. "नवऱ्यानं इंजिनात गूळ घातला असेल," कुणीतरी म्हणालं. काकू हसल्या नाहीत, पण दुकानवाल्याला म्हणाल्या, पुढच्या लग्नालाही तुम्हीच या.

नौशादनं टाकी बाटलीत रिकामी केली. वर पेट्रोल, खाली बोटभर पाणी, वेगळं दिसावं असं. ती बाटली घेऊन मी पंपावर बसले. दोन दिवस हलले नाही. माणसं पेट्रोल भरायला यायची, मी बाटली नाकापुढं धरायची. तिसऱ्या दिवशी तालुक्याचा साहेब आला. बघायला गर्दी जमली. काकूपण आल्या.

साहेबानं बाटली हलवली. म्हणाला, पेट्रोल वर तपासून येतं, त्यात दोष असूच शकत नाही. जुनी गाडी थोडी कमी पळते, ती चालवण्याची पद्धत सुधारावी. आणि हे पाणी तुम्ही घातलं नाही कशावरून?

मी म्हटलं, "साहेब, पाणी तुमच्या पंपाखालच्या टाकीतच आहे. झाकण उघडा, आत्ता कळेल."

"झाकण वरच्या परवानगीशिवाय उघडत नाही," साहेब म्हणाला. "पेट्रोल तेवढं निघतं."

तेव्हा काकू पुढं आल्या. "साहेब, ह्या बाईचा नवरा येडा असेल, पण खोटं बोलणार नाही. सगळ्या वाडीला माहीत आहे. त्याला विचारा. तो पेट्रोलाचा दोष म्हणाला तर खडकेवाडीचा चुडा पुन्हा हिच्याकडं. मी शब्द देते."

माझा जीव भांड्यात पडला. कारण ह्या खेपेला खरंच ह्यांनी काही केलं नव्हतं.

साहेब ह्यांच्याकडं वळला. माणूस सरकारी दिसत होता, खिशाला दोन पेनं होती. ह्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. माझ्याकडं बघून मान डोलावली. मी 'थांबा' म्हणणार, तोवर साहेबानं विचारलं होतं.

"सांगा दाजी, ह्यात चूक कोणाची?"

ह्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्यानं, पूर्ण, बाकी काही बडबड न करता सांगितलं:

"सौभाग्यवती मालन रंगनाथ वेल्हाळ."