तांबटाचे दार

पूर्वी शूर्पारक बंदरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सेठाणीच्या परसात तांबट पक्ष्याचा जन्म घेतला होता. मुठीत मावेल एवढा जीव, अंग हिरवे, कपाळावर तांबडा टिळा. भांडी घडवणाऱ्यांच्या आळीत हातोडी पडावी तशी त्याची दिवसभर टुक टुक चाले. परसात जुना शेवगा होता. त्याच्या वाळल्या फांदीत तांबट दर वर्षी चोचीने नवी ढोली कोरी आणि जुनी शेजारच्या दयाळ पक्ष्याला देई. दयाळाला देवाने गळा दिला होता, कोरायची चोच दिली नव्हती. तो अंगाने थोराड, म्हणून तांबट दार मुळातच ऐसपैस ठेवी. घराण्याची रीतच होती ती. दार आपल्या मापाचे नव्हे, मागून येणाऱ्याच्या मापाचे.

सेठाणीचे नाव उत्पला. मन लोण्याचे, पण पुढचा विचार करायची सवय बेताचीच. नवऱ्याच्या गलबतातून कुठल्याशा बेटावरचे पिवळ्या डोळ्यांचे दांडगे पक्षी आले. पौर्णिमेला पक्षी सोडले की पुण्य लागते म्हणून तिने पिंजरा परसातच उघडला, आणि वर रोज सकाळी धुण्याच्या दगडावर ताटभर भात घालू लागली. पोट भरले, आता घर हवे. आणि कोरायचे कष्ट कोण घेतो? आयत्या बिळावर नागोबा.

बघता बघता त्यांचे थवे झाले. बुलबुल गेले, शिंपी पक्षी गेला. दयाळाची पिले तर त्यांनी ढोलीतून ओढून खाली टाकली. त्या दिवसापासून दयाळ गायला नाही. मग त्यांनी तांबटाची नवी ढोली घेतली. त्याने दुसरी कोरली, तीही घेतली. त्यांचा म्होरक्या फांदीवर पसरून म्हणाला, “कोर बाबा, कोर. तू कोरायचं, आम्ही राहायचं.”

दयाळाचे म्हणणे, आपण खाडीपल्याड जाऊ. बळी तो कान पिळी, इथे आपले काय चालणार? तांबटीण अंड्यावर आली होती, तिलाही ते पटू लागले होते. तांबटाला राग आला, चांगलाच आला. पण तो वाद घालत बसला नाही. फांदीच्या पोटाशी, खालच्या अंगाला, त्याने पुन्हा कोरायला घेतले. या वेळी दार नेमके आपल्या अंगापुरते ठेवले. पिढ्यांची रीत मोडताना त्याला फार वाईट वाटले. काम होईपर्यंत त्याने दयाळाकडे पाहिले नाही.

तांबटिणीने आत अंडी घातली. दांडग्यांनी चोची आपटल्या, फांदी हलवली, पण त्या दारातून एकालाही जाता येईना. अशात एका सकाळी म्होरक्याच्या कोवळ्या पिलाने दारात डोके खुपसले आणि त्याची मान अडकली. म्होरक्या ओढू लागला, तशी ती आणखीच आवळली.

वरून दयाळ म्हणाला, “मरू दे. माझी कशी मेली, ते मी पाहिलंय.”

तांबटाला ते लागले. दयाळाचे काही खोटे नव्हते. पण या पिलाने कोणाचे काय घेतले होते? अंडी पोटाखाली घे, असे त्याने तांबटिणीला सांगितले आणि दाराची कड बाहेरून पोखरायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने मान सुटली. पिलू धडपडत फांदीवर जाऊन बसले.

म्होरक्याने पिलाकडे पाहिलेही नाही. त्याची नजर दारावर होती. दार आता त्याच्या मापाचे झाले होते. तो पुढे सरकला तसा तांबट दारात आडवा झाला. चोच बोथटली होती, छाती धपापत होती.

“दार तुझ्या पिलासाठी मोठं केलं, तुझ्यासाठी नाही,” तो म्हणाला. “आत यायचं तर मला मारून ये. आणि मारलंस, तर उद्यापासून ढोल्या कोण कोरणार, तेवढं ठरवून ये.”

म्होरक्या थबकला. मग एक पाऊल मागे सरला.

उत्पला भाताचे ताट घेऊन हे सारे बघत उभी होती. तांबट मनुष्यवाणीने तिला म्हणाला, “बाई, पिंजरा उघडलास, चांगलं केलंस. आता या झाडाखालीही एकदा बघ.”

तिने पाहिले. फुटकी अंडी होती, दयाळाच्या पिलांची वाळलेली पिसे होती. ती तिथेच रडली. भाताचे ताट तिने घरात परत नेले, ते पुन्हा बाहेर आणले नाही. दांडगे काही दिवस रिकाम्या दगडावर ओरडत राहिले. किडे शोधायची, फळे हुडकायची त्यांना सवयच उरली नव्हती. शेवटी ते बंदराच्या धक्क्यावर सांडलेले धान्य टिपायला निघून गेले. पुढच्या वर्षी त्या मोठ्या दाराच्या ढोलीत दयाळ राहायला आला आणि पहाटे गायला. तांबटाने शेजारी नवी ढोली कोरली, दार पुन्हा ऐसपैस.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहारात सांगितली, तेव्हा तिथेही जागेवरूनच भांडण पेटले होते. शास्ता म्हणाला, “तेव्हाचा म्होरक्या म्हणजे दुसऱ्याची कोठडी बळकावून बसलेला हा भिक्षू. ज्याचा आवाज मोठा त्याच्याच पात्रात भात वाढणारी ही उपासिका, ती उत्पला. दयाळ म्हणजे ती कोठडी गमावून, विहार सोडायला पथारी गुंडाळून दारात उभा असलेला हा वृद्ध भिक्षू. आणि तांबट मीच होतो. मनात वैर न धरता आपली जागा न सोडणे, हीच वीर्यपारमिता, नेटाची परिपूर्णता.”

वृद्ध भिक्षू दारातून मागे फिरला आणि त्याने आपली पथारी जुन्या जागी पसरली.