मूळ स्थितीतली जीप

पाटणच्या मुक्ता शेंडगेच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता. म्हणून तिने आपल्या डिझेल जीपला आरटीओच्या परवानगीने ब्रेक-क्लच पायांऐवजी हाताने दाबायचे दांडे बसवून घेतले होते. वाड्यावस्त्यांवरच्या गरोदर बायकांना ती याच जीपमधून घाट उतरवून दवाखान्यात पोचवायची.

एक दिवस कंपनीचं पत्र आलं. ब्रेकच्या नळीत दोष आहे, गाडी थेट शोरूमला आणा, नळी फुकट बदलून मिळेल, तोवर गाडी दुसरीकडे कुठेही चालवू नका.

कराडच्या शोरूमच्या गेटातच मॅनेजर तांबवेकरांनी दांडे पाहिले.

"बाई, छेडछाड केलेल्या गाडीला आम्ही हात लावत नाही. मूळ स्थितीत करून आणा."

"केली की लगेच घ्याल?"

"त्याच मिनिटाला."

"तेवढं लिहून द्या."

तांबवेकरांनी हसत लिहून दिलं. मुक्ताने पाना काढला, चार बोल्ट सोडवले, दांडे त्यांच्या हातात ठेवले आणि कुबड्या घेऊन ती खाली उतरली.

"घ्या, झाली मूळ स्थितीत."

"अहो, गेट अडलंय. आधी बाजूला तरी घ्या."

"मूळ स्थितीतली गाडी मला चालवता येत नाही, साहेब. तुमच्या माणसाला बसवायचं तर आधी त्याला ब्रेकबद्दलचं कंपनीचं पत्र वाचून दाखवा."

शेवटी तांबवेकरांनीच चार माणसांबरोबर जीप ढकलत आत नेली. संध्याकाळपर्यंत नवी नळी बसली. मग दांडेही त्यांच्याच मेकॅनिकला बसवावे लागले, कारण त्याशिवाय जीप शोरूममधून हलणार नव्हती.