आपोआप सरणारा पडदा

त्या राज्यात उजेड खालून येत असे. जमीन काचेची होती, काचेखाली कधी न विझणारी पांढरी आग होती, आणि खडकांच्या कपारींत राहणारी प्रजा सगळी घुबडाच्या जातीची होती. पिल्लांची नजर लवकरच अधू होई. सगळ्यांचंच तसं होत असल्यामुळे त्याला कोणी दुःख म्हणत नसे.

मग तिथे सुगरण राहायला आली. ती उन्हात वाढलेली, त्या आगीचा तिच्या डोळ्यांना त्रास नव्हता. पण शेजारची पिंगळी आपल्या दोन पिल्लांच्या डोळ्यांवर पंख धरून दिवसदिवस बसायची, ते तिला बघवेना. सहा वर्षं गवताचे तंतू विणून तिने राज्यभर पुरेल असा मधाच्या रंगाचा पडदा केला आणि काचेवर अंथरला. उजेड मवाळ झाला. पिंगळीच्या पिल्लांनी आईकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि तिच्या चोचीला घाबरून ती रडू लागली. पिंगळी हसून हसून बेजार झाली.

अडचण होती ती दारापाशी. राज्याचा जुना कायदा असा, की नव्याला आत घेताना राजाने मोहोर उघड्या उजेडातच उमटवावी. पूर्वी कोणीतरी झाकणाआड कागद बदलून राजाकडून भलत्याच पानावर मोहोर उमटवून घेतली होती. त्यामुळे कोणी नवा आला की दारावरचा मुंगूस ओरडे, "पडदा काढा!" सुगरण धावत येई, चोचीने पडदा ओढून काढी, मोहोर उमटली की पुन्हा अंथरी. नवे तर रोज येत, कारण घुबडराजांना नव्याची भारी हौस. कोणी गाणारा, कोणी वाट सांगणारा, कोणी नुसताच राजांसमोर आरसा धरून उभा राहणारा.

एकदा सुगरणीला यायला उशीर झाला. राजे चिडले.

"दर वेळी तुला हाक मारायची आणि तू धापा टाकत यायचं, हे आता पुरे. दार उघडलं की पडद्याला आपलं आपण कळलं पाहिजे."

सुगरणीने चार दिवस खपून वेलीची दोरी वळली. तिचं एक टोक पडद्याला बांधलं, दुसरं दाराला. दार उघडलं की पडदा गुंडाळला जाई, दार मिटलं की पसरे. आणखी एक बारीक दोरी तिने आपल्या घरट्यापर्यंत नेली. कुठे अडलं, तर आपल्या हाताशी असावी म्हणून.

मुंगसाने ती दोरी पाहिली. "ही कशाला?"

"असू द्या, दारोगा. दारच अडकलं कधी तर?"

"प्रवेश चालू असताना पडद्याला कोणाचा हात लागायचा नाही, हाच तर कायदा आहे," मुंगूस म्हणाला आणि त्याने ती दातांनी तोडली. तो दुष्ट नव्हता. त्याला कायदा पाठ होता, इतकंच.

दोरी उत्तम चालली. राजांनी सुगरणीचं भर दरबारात कौतुक केलं आणि तिला कामावरून मोकळं केलं.

पुढे एक सरडा आला. राजांना छळणारे किडे मी टिपीन, म्हणाला. दार उघडलं, पडदा गुंडाळला गेला, खालचा उजेड भसकन वर आला. सरडा डोकं आणि पोट आत घेऊन थांबला. शेपटी त्याने उंबऱ्याबाहेरच ठेवली. पोटाखालची काच छान तापली होती.

"चला की आत," मुंगूस म्हणाला.

"येतोच आहे. शेपटी लांब आहे हो माझी."

संध्याकाळ झाली. दुसरा दिवस गेला. मुंगूस प्रत्येकाला एकच उत्तर देई, "प्रवेश चालू आहे." सरड्याच्या मागे त्याचे भाऊबंद येऊन रांगेने पहुडले. ज्याची त्याची शेपटी पुढच्याच्या पाठीवर. राजांनी विचारलं तेव्हा सरड्याने जिभेच्या एका फटकाऱ्यात तीन किडे टिपून दाखवले, आणि राजे म्हणाले, "येऊ दे सावकाश. घाई कसली?"

तिसऱ्या दिवशी पिंगळी सुगरणीकडे आली. "धाकटा आता माझ्या आवाजाकडेच मान वळवतो गं. थोरल्याला अजून थोडं दिसतंय. तूच विणलायस ना पडदा? मग ओढ की!"

सुगरण गेली. पडद्याचं टोक तिने चोचीत धरलं आणि सगळ्या अंगानिशी मागे रेटत निघाली. पडदा कपारीपर्यंत आला, पिंगळीच्या थोरल्यावर सावली पडली, आणि त्याच क्षणी मुंगसाने सुगरणीची मान धरली.

"प्रवेश चालू असताना झाकण घालणारा, तो ठग."

"अहो, पिल्लं भाजतायत!"

"कायद्यात पिल्लांचं काही लिहिलेलं नाही."

तिचे पंख बांधून तिला कपारीत टाकलं. पडदा पुन्हा गुंडाळला गेला. दोन दिवस ती आतून हाका ऐकत राहिली. आधी रडण्याच्या, मग चाचपडण्याच्या, आणि मग कसल्याच नाहीत.

आठव्या दिवशी तिला दरबारात उभं केलं. काच लाहीसारखी तडतडत होती. सरडे उंबऱ्यावर गाढ झोपले होते. घुबडराजांनी तिच्या पावलांच्या आवाजाच्या रोखाने मान वळवली.

"सुगरण ना? ये. तुझ्यावर उगाच रागावलो. पडदा आला बरं का. डोळ्यांना किती गार, किती शांत वाटतंय. इतका दाट तर तू पूर्वी कधी विणला नव्हतास."

दरबारातून होकाराचे घुत्कार उठले. पिंगळीचाही आवाज त्यात होता.

सुगरणीने मुंगसाकडे पाहिलं. तोही उन्हातलाच, त्याला सगळं दिसत होतं. त्याने मान खाली घातली.

"हिचे पंख सोडा," राजे म्हणाले. "आणि बक्षीस द्या हिला."

आणि त्या पांढऱ्या आगीवर, पापणी न लववता, डोळे सताड उघडे ठेवून, अख्खी प्रजा तिचा जयजयकार करू लागली.